डावा हिच्याकडे, उजवा त्याच्याकडे

त्या चपला-बुटांच्या दुकानात तिला सगळे अंगठाबाई म्हणायचे. आता हे ऐकून कोणाला वाटेल, बाई सहीच्या जागी अंगठा उठवते की काय! छे हो. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, शब्दकोडं पेनानं सोडवते आणि चुकलं तर कोडं रचणाऱ्यालाच शिव्या घालते. नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. गिऱ्हाइकानं बूट पायात सरकवला की ही त्याच्यासमोर खाली बसणार आणि आपला अंगठा बुटाच्या टोकावर दाबणार. आतलं बोट कुठं टेकलंय ते चाचपणार. मग मान वर करून गिऱ्हाइकाचं तोंड बघणार.

"बसतोय ना?"

"हो हो, मस्त."

"मग नाक का मुरडलंत?"

बिचारं गिऱ्हाईक लाजायचं. "थोडा करंगळीला लागतोय."

"थोडा आज लागतोय, उद्या करंगळी माझ्या नावानं बोटं मोडेल. काढा तो."

दुकानात असं वागून चालतं का? तर इतकी वर्षं चाललं होतं. लोक परत यायचे. आपल्या पोरांना, सुनांना, शेजाऱ्यांना घेऊन यायचे, आणि आल्या आल्या विचारायचे, "त्या भांडखोर बाई आहेत का?"

तिच्या जोडीला शिडी. शिडी म्हणजे माणूस बरं का, लोखंडाची नव्हे. देवानं उंची वाटताना या माणसापाशी आल्यावर देवाचा डोळा लागला असावा, नुसती ओतत राहिला. दुकानाच्या मागच्या बाजूला माळा होता, तिथं बुटांची खोकी छतापर्यंत रचलेली. वर जायला एक अरुंद, उभा जिना. तरुणपणी शिडी त्या जिन्याच्या दोनच पायऱ्या चढायचा आणि हात लांबवून वरचं खोकं ओढायचा. म्हणून ते नाव. दोघं एकाच सुमारास कामाला लागलेले, दोघांची लग्नं, पोरं, सगळं एकमेकांच्या डोळ्यांसमोर झालेलं. ही त्याला कामापुरतं "शिडीभाऊ" म्हणायची आणि चिडली की "शिड्या". तो तिला कायम "बाई". आणि एकमेकांना अरे-तुरे.

त्यांची कामाची एक रीत होती. ही गिऱ्हाइकाच्या पायाशी. तो माळ्याच्या तोंडाशी. ही मान न वळवता ओरडायची, "काळा, बिनलेसचा, आठ, रुंद!" वरून आवाज यायचा, "झेल!" आणि खोकं हवेतून यायचं. ही पाठमोरीच हात मागं करून ते धरायची. लहान मुलं तर बूट नको, तेवढं परत दाखवा म्हणायची. कधी चुकायचं नाही असंही नाही. एकदा खोकं थेट एका आजोबांच्या मांडीवर जाऊन पडलं. आजोबांनी उघडलं, घालून बघितलं आणि तोच जोड घेऊन गेले.

बिलावर नाव कोणाचं टाकायचं, हा प्रश्नच नव्हता. ज्याचा हात मोकळा तो बिल करायचा.

मग मालक थकले आणि दुकानात जावई यायला लागला.

जावई वाईट नव्हता हो. उगाच कशाला खोटं सांगायचं. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा कारण डोळ्यांत बघायला लाजायचा. सासऱ्यानं दुकान हातात दिलंय, तर काहीतरी करून दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं कुठलं तरी शिबिर केलं आणि येताना एक पांढरा फळा घेऊन आला. चहा करायच्या कोपऱ्यात, कपबशांच्या मांडणीवर तो ठोकला. दोन रकाने पाडले. एकावर हिचं नाव, एकावर शिडीचं.

"हे आपलं टार्गेट," तो फळ्याच्या कपाळाकडे बघत म्हणाला. "प्रत्येकाचं वेगळं. रोजची विक्री इथे लिहायची. जोडासोबत मोजे, पॉलिश, आतली गादी, काहीतरी खपवायचंच. यानं मोटिव्हेशन येतं."

"कुठून येतं?" अंगठाबाईनं विचारलं. "पुढच्या दारानं की मागच्या?"

शिडी खोकल्यासारखं हसला. जावईही हसला, पण उशिरा. मग खाली बघून त्यानं खरी गोष्ट सांगितली. गावाबाहेर नवीन गोदाम घेतलं होतं. तिथं एक जाणता माणूस हवा. हंगाम संपला की फळ्यावर ज्याचा आकडा खाली, त्यानं गोदाम सांभाळायचं.

चहा करायचा राहिला. पत्र्याची शेड, आढ्यापर्यंत लोखंडी मांडण्या, दिवसभर चढ-उतार, आणि माणूस म्हणाल तर एकही नाही. तिथं अंगठाबाईनं अंगठा दाबायचा कशावर? खोक्यांवर? इतकी वर्षं लोकांच्या पायांशी बसून तिनं अर्ध्या वस्तीची सुखदुःखं ऐकली होती. कोणाची टाच फुटलीय, कोणाची सून. माणूस बूट काढला की मोकळा होतो. ते सगळं बंद.

"आपल्यातला एक जाणार म्हणजे," ती हळूच म्हणाली.

"बघू," शिडी म्हणाला आणि कप विसळायला लागला. आधीच विसळलेला.

आता खरं सांगायचं तर सुरुवातीला बाईला मजाच आली. हो, आली! कोणी काही म्हणो. पहिल्याच आठवड्यात तिचा आकडा वर गेला, जावयानं तिच्या रकान्यात लाल तारा काढला आणि या बाईला, जिला लग्नातसुद्धा कोणी तारा दाखवला नव्हता, जाताना तीनदा वळून बघावंसं वाटलं. घरी गेली ती गुणगुणत. नवरा इलेक्ट्रिशियन, महिन्याकाठी मोजकी वाक्यं बोलणारा. तो म्हणाला, "पाणी दे गं."

"देते. सोबत आणखी काही?"

नवऱ्यानं चष्मा वर केला. कॉलेजात जाणारी लेक फिस्सकन हसली. "आई, बाबा गिऱ्हाईक नाहीयेत."

"माहितीय. गिऱ्हाईक निदान बोलतं."

पण तारे काढणारा हात दुसऱ्या रकान्यातही जातो ना! पुढच्या आठवड्यात शिडी वर, ही खाली. ही मग मोजे खपवायला लागली, आतली गादी खपवायला लागली. एका बाईनं नुसती वाट विचारायला दार उघडलं, तिलाही पॉलिशची डबी देऊन पाठवलं. आणि एका दुपारी एक मुलगी आली. पहिल्या नोकरीसाठी बूट हवे होते. हिनं अंगठा दाबला. टोकाशी जागाच नव्हती. एक नंबर मोठा संपलेला. आणि अंगठाबाईच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "वापरून सैल होतात."

हे वाक्य समोरच्या दुकानातल्यांचं. इतकी वर्षं ही त्याची नक्कल करून शिडीला हसवायची. नाक वर करून, आवाज लाडिक करून, "वाऽपरून सैल होतात हं!" आज तेच वाक्य तिनं सरळ तोंडानं म्हटलं, आणि पोरगी विश्वासानं "हो का?" म्हणून पैसे देऊन गेली. शिडीनं ऐकलं होतं.  त्या दिवशी जेवताना बाईला प्रत्येक घास करंगळीला लागल्यासारखा लागत होता.

आणि एकमेकांचं काय झालं, ते ऐका. एक दिवस तिनं नेहमीसारखी हाळी दिली, "तपकिरी, लेसचा, नऊ!" वरून काही आलं नाही. तिनं मान वळवली. शिडी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसला होता.

"शिडीभाऊ, नऊ!"

"तूच जा ना बाई. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ पंख्याखाली वारा घ्यायला बसले होते, तेवढेच. ही तरातरा जिना चढली. खोक्याचं झाकण तिनं भिरकावूनच दिलं. इतक्या वर्षांत हा माणूस तिला कधी 'नाही' म्हणाला नव्हता. तिच्या मुलीच्या बारशाला यानं पाळणा बांधला होता. आणि आता एका लाल ताऱ्यासाठी!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारणंच सोडलं. तीही हट्टी, कमी नव्हती. आपल्या गिऱ्हाइकासाठी आपण चढायचं, धापा टाकत उतरायचं. तो बाकावर, ही पायाशी. मधे दोन पावलांचं अंतर आणि बोलणं फक्त "कात्री दे" आणि "बिलाचं मशीन सोड" एवढंच.

मग एके दिवशी ती वर गेली, बायकांच्या काळ्या सपाट बुटाचं खोकं उघडलं तर आत फक्त डावा. उजवा गायब. शेजारचं उघडलं, त्यातही डावाच. जे जे नंबर धडाधड खपायचे, त्यातल्या कितीतरी खोक्यांत उजव्या पायाचा बूट नाही! खाली गिऱ्हाईक ताटकळलेलं. "संपले हो," म्हणून तिला परत पाठवावं लागलं, आणि थोड्याच वेळानं बघते तर शिडी आपल्या बाकाखालचा कप्पा ओढून, त्यातून उजव्या पायाचे बूट काढून एकीला घालून बघतोय. कप्पा गच्च भरलेला.

"अस्सं!" अंगठाबाई मनात म्हणाली. "आपल्याला विकता यावं, मला विकता येऊ नये, म्हणून एकेक पाय पळवतोस काय!"

विचारायचं ना सरळ? तोंडाला कुलूप घातलं होतं का कोणी? एरवी गिऱ्हाइकानं नाक मुरडलं तरी कारण विचारणारी बाई! पण नाही. त्या फळ्यानं असं करून ठेवलं होतं की विचारायच्या आधीच उत्तर तयार असायचं, आणि ते उत्तर नेहमी वाईट असायचं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली. माळ्यावर चढली. ज्या ज्या खोक्यात उजवा नव्हता, त्या प्रत्येकातला डावा काढला आणि कोपऱ्यात लटकवलेल्या रबरी गमबुटांत एकेक करून कोंबला. गमबूट कोणी विचारत नव्हतं, तिथं कोण बघतंय? खोकी रिकामी तशीच परत रचली. खाली उतरली तेव्हा गाल लाल, चौथीतल्या पोरीनं मैत्रिणीचं खोडरबर लपवावं तसं झालेलं. वय बघा आणि उद्योग बघा!

त्याच दुपारी एक नर्सबाई आल्या. ड्युटीवरून थेट. केसांच्या पिना अर्ध्या सुटलेल्या, पाय सुजून पावासारखे फुगलेले. बसता बसता म्हणाल्या, "दुकानात बसायला जागा आहे, हेच खूप झालं. काळा, सपाट, मऊ काहीतरी द्या. आणि लवकर, मला परत संध्याकाळची ड्युटी आहे." बसल्या त्या शिडीच्या बाकावर.

शिडीनं कप्पा ओढला, उजवा बूट काढला, घातला. नर्सबाईंनी पाय टेकला आणि डोळेच मिटले. "अहाहा. हाच. दुसरा आणा आणि मला हे घालूनच जाऊ द्या."

"आणतो," म्हणून शिडी उठला.

अंगठाबाई कॅशपाशी मोज्यांचे गठ्ठे लावत होती. कान टवकारून. आता वर जाईल, खोकं रिकामं सापडेल, तोंडाला कशी पानं पुसली जातात ते बघू दे जरा. तिनं तिरक्या डोळ्यानं बघितलं. शिडी जिन्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता. मग त्यानं डावा पाय पायरीवर ठेवला आणि उजवा ओढून त्याच पायरीवर आणला. थांबला. परत डावा. परत उजवा ओढला. बाळ चालायला शिकताना चढतं, तसा. हिच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

तो वर गेला. खोकं उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं. मग बराच वेळ काहीच नाही.

उतरताना तर बघवेना. पाठ गिऱ्हाइकाकडे, कपाळ जिन्याला टेकवलेलं, एकेक पायरी, आणि दरवेळी दातांतून बारीकसा आवाज. खाली आला तेव्हा ओठांवर घाम होता आणि हात रिकामे. "डावा... डावा कुठं दिसत नाही हो," तो नर्सबाईंना म्हणाला. लाजून. जणू त्यानंच चोरला.

नर्सबाईंनी मात्र बूट सोडून त्याच्याकडे बघितलं. "हा गुडघा कधीपासून असा आहे?"

"नाही, काही नाही, जरा आखडलाय."

"आखडलेला गुडघा असा नसतो. मी रोज बघते. दाखवलात?"

"हंगाम संपू दे, मग दाखवतो."

आणि अंगठाबाईच्या डोक्यात सगळी खोकी एकदम कोसळली. म्हणून तो हाक मारली तर येत नव्हता. म्हणून एकेक उजवा बूट खाली आणून ठेवला होता, की आधी एका पायात घालून बघावा, बसला, नक्की झालं, तरच वर जावं. एकदाच. त्या जिन्याच्या फेऱ्या वाचवायला. आणि गोदामात, जिथं दिवसभर चढ-उतारच, तिथं जायचं नाही म्हणून दातओठ खाऊन लपवत होता. कोणापासून? सगळ्यांपासून. तिच्यापासूनही.

"थांबा," ती म्हणाली. "डावा आहे."

ती जिना चढली. कधी चढली नव्हती इतक्या झपाट्यानं. गमबुटात हात घातला, डावा ओढून काढला. मग दुसरा, तिसरा, सगळे. ओंजळीत मावेनात तेव्हा ओढणीत घेतले. माळ्याच्या तोंडाशी आली आणि खाली बघितलं. शिडी वर बघत होता. त्या काळ्या बुटाकडे, मग तिच्या ओढणीतल्या ढिगाकडे, मग तिच्या तोंडाकडे. त्याला कळलं. लपवण्यातलं त्यालाही चांगलं कळत होतं की!

"कुठं होते?" त्यानं विचारलं.

"गमबुटात," ती म्हणाली.

"गमबुटात!"

"तू उजवे कप्प्यात घातलेस. मग मी डावे गमबुटात घातले."

नर्सबाईंनी एकदा वर बघितलं, एकदा खाली. "म्हणजे दोघं मिळून तुम्ही लंगडी माणसंच शोधत होतात की काय, एका बुटाची?"

शिडीला आधी हसू आलं. खोकल्यासारखं नव्हे, खरंखुरं, खांदे हलवून. मग तिला आलं आणि त्यात रडूही मिसळलं. बूट टाकायला तिनं हात उचलला. "झेल," ती म्हणाली. त्यानं झेलला. नर्सबाईंच्या पायात चढवला. त्या नवे बूट घालून, जुने पिशवीत टाकून, दारातून म्हणून गेल्या, "गुडघा दाखवा. आणि तुम्ही बाई, त्यांना चढू देऊ नका."

बिल कोणाच्या नावावर, हे त्या दिवशी दोघंही विसरले. जावयानं विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून वर ती, खाली तो. त्यानं एक बुटकं स्टूल आणलं. त्यावर पाय लांब करून बसायचा, गिऱ्हाइकाच्या बुटावर अंगठा दाबायला शिकला. "जोरात काय दाबतोस, लिंबू आहे का ते?" ही वरून ओरडायची. फेकायला मात्र ती अगदीच कच्ची. पहिल्या आठवड्यात खोकी पंख्याला, आरशाला, एकदा जावयाच्या चहाला लागली.

पण फळा होताच. गोदाम होतंच. आणि आता तिला ठाऊक होतं, की ती वाचली तर हा जाणार, आणि हा गेला तर त्या लोखंडी मांडण्या याचा गुडघा खाऊन टाकणार. ती काय करायला लागली असेल? आपली बिलं गुपचूप त्याच्या नावावर टाकायला लागली. वाटलं, त्याला कळायचं नाही. पंधरवड्यात त्याचा रकाना ताऱ्यांनी भरला आणि शिडी बिलाचं मशीन हातात घेऊन तिच्यापुढं उभा.

"हे काय आहे?"

"मशीन आहे."

"बाई, मी काय दारात कटोरा घेऊन बसलोय?"

"ओरडू नकोस, गिऱ्हाईक आहे."

"असू दे गिऱ्हाईक! तू गोदामात जाऊन काय करणार आहेस? भिंतींना विचारशील, नाक का मुरडलंत म्हणून?"

"आणि तू काय करशील? चढशील? कशानं? पंख लावशील?"

गिऱ्हाईक एक बूट घालून मधे बसलं होतं. ते म्हणालं, "मी थोड्या वेळानं येऊ का?"

"बसा!" दोघं एकदम म्हणाले.

त्या भांडणातून निघाला तो तोडगा. आधी त्याच्या नावावर चढलेल्या जादा बिलांची फेड, मग एक बिल तिचं, एक त्याचं. मग पाय कोणी पकडला, खोकं कोणी टाकलं, काही बघायचं नाही. लहान मुलं लेमनच्या गोळ्या वाटतात तसं, एक तुला, एक मला. मोजे निघाले तर मोजेसुद्धा. दिवसाच्या शेवटी कोणाचं जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी फेड. मनातला डाव सोपा होता. आकडे जर बरोबर सारखे आले तर खाली कोण? कोणीच नाही! आणि एक नवलाची गोष्ट, त्या दिवसांत तिच्या तोंडून "वापरून सैल होतात" परत कधी आलं नाही. त्या पहिल्या नोकरीवाल्या पोरीला तिनं शोधून काढलं. बसथांब्यावर रोज उभी असायची, टाचांवर तोल सांभाळत. तिला ओढत दुकानात आणलं आणि नव्या मालातला मोठा नंबर घातला. ते बिल कोणाच्याच नावावर पडलं नाही.

हंगाम संपला. जावई फळ्यापुढं उभा राहिला. बोटानं एक रकाना खाली आला, दुसरा खाली आला. परत वर गेला. कॅल्क्युलेटर काढला.

"हे सारखं कसं?"

"कष्ट सारखे," अंगठाबाई म्हणाली.

"असं होऊच शकत नाही. शेवटच्या मोज्याच्या जोडापर्यंत?"

"योगायोग हो," शिडी म्हणाला आणि छताकडे बघितलं.

जावई खुर्चीत बसला. एकदम लहान दिसायला लागला बिचारा. "तुम्ही मला बनवताय, ते मला कळतंय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच दोघांच्या डोळ्यांत बघितलं. "पण मला सासऱ्यांना जाऊन एक नाव सांगायचंय. तेही माझ्याकडे आकडेच मागतात. मी काय सांगू?"

अंगठाबाईच्या जिभेवर आलं होतं, माझं सांगा. मनात ठरवून ठेवलेलं. दोन रात्री उशी भिजवून ठरवलेलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात शिडी बोलला.

"माझा गुडघा गेलाय सर. मला चढता येत नाही."

"शिड्या!"

"गप गं. आज ना उद्या कळणारच." त्याची बोटं स्टुलाच्या कडेवर घट्ट झाली होती. "हंगामभर वरचं सगळं हिनंच काढलंय. मी नुसता बसून होतो. तेव्हा मला गोदामात पाठवलंत तर मी तिथं निरुपयोगी. तिथल्या शिडीची दुसरी पायरीसुद्धा चढणार नाही. ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. पण हिला पाठवू नका. ही फेकते वाईट, पण पाय ओळखते."

 बाहेर कोणी तरी दुकानाच्या काचेत बघून केस विंचरून पुढं गेलं. जावयानं फळ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, मग त्याच्या गुडघ्याकडे. तो गणितात हुशार होता, आणि गणित आता त्याच्यापुढं मांडलेलंच होतं.

"म्हणजे तुम्हाला पाठवलं तर तिथलं काम होणार नाही," तो हळूहळू म्हणाला. "आणि यांना पाठवलं तर इथं माळ्यावर चढायला कोणी नाही."

"ते मी म्हटलं नाही," शिडी म्हणाला.

"नाही, मी म्हणतोय." त्यानं कपाळ चोळलं. "गोदामासाठी बाहेरून माणूस बघतो. सासऱ्यांना सांगतो, की..." तो अडला. "काय सांगू?"

"सांगा, आकडे सारखे आले," अंगठाबाई म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

जावई हसला, या वेळी वेळेवर. फडकं घेतलं आणि दोन रकान्यांच्या मधली रेघ पुसली. फळा मात्र काढला नाही. वर एकच आकडा लिहिला, दोघांचा मिळून, आणि तो बघून अंगठाबाईचे डोळे कपाळात गेले. "अहो, एवढा? आम्ही बूट विकतो की विमानं?"

"जमेल तुम्हाला," तो म्हणाला आणि जरा घाईनंच निघून गेला.

दुकान बंद करून दोघं बाहेर पायरीवर टेकली. तिनं पाय पसरले. तो एका हातानं गुडघा धरून बसला होता. समोरच्या दुकानातली बाई काचेतून हात हलवत होती, हिनंही हलवला, तोंडावर गोड हसू आणून.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"मी काय ठरवून आले होते, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. म्हणून तर आधी बोललो. तू तोंड उघडलंस की मग कोणाला चान्स मिळतो?"

तिनं त्याच्या पाठीत एक धपका घातला.  मग कधीच विचारायला हवं होतं ते तिनं विचारलं.

"दुखतं का रे फार?"

"नाही गं. फार नाही."

एक बस आली, थांबली, गेली.

"फार," तो म्हणाला.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. वहिनींना सांग, मी घ्यायला येते. नाहीतर तू टाळशील. तू टाळणारच आहेस."

"आणि दुकान? सकाळची गर्दी?"

"जावईबापू आहेत ना. बसू देत की एक दिवस लोकांच्या पायाशी." ती उठली आणि त्याला उठवायला दोन्ही हात पुढं केले. "ऊठ. आणि मला ओढू नकोस हं, तुझ्यासारख्या ताडमाडाखाली सापडले तर उद्या डॉक्टरकडे दोघांची वरात."

तो उठला. एकदम नाही. आधी एक पाय, मग दुसरा, आणि सगळा भार तिच्या हातांवर टाकून.